फोन उत्तर देतो, मूल शिकतं का?

दर पंधरवड्याला आम्ही इथं येऊन कर्ज, परतफेड, शेळ्या नाहीतर शेवयांच्या मशिनबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. तो आम्ही मुद्दाम निवडला नाही, गटाच्या बैठकीत तो आपणहून आला.

झालं असं, की बैठक संपत आली होती. बचत गोळा झाली होती, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले होते, चहाचं आधण ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्यातल्या एका ताईंनी पिशवीतून मुलाची वही काढली. मुलगा आठवीत आहे. ताईंना सही करता येते, पण वाचता येत नाही. मुलानं 'माझी आई' हा निबंध लिहिला होता आणि खाली लाल शाईनं 'छान' असा शेरा होता. ताई कौतुकानं म्हणाल्या, "वाचा की गं कुणीतरी, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते."

आम्ही वाचायला लागलो. निबंधातली आई पहाटे उठून योगासनं करते, सगळ्यांचे डबे भरते, मग कार्यालयात जाते. संध्याकाळी दमून आली तरी मुलाला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते. शब्द एकापेक्षा एक भारी, 'वात्सल्यसिंधू' काय नि 'प्रेरणास्रोत' काय. ताई मान हलवत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांबा थांबा. ही कोण बाई?"

सगळ्या हसल्या, ताईही हसल्या. पण घरी जाताना त्या गप्प होत्या. त्या रोज खुरपायला जातात, कांद्याच्या दिवसांत काटणीला जातात, त्यातलं एक अक्षर त्या निबंधात नव्हतं. पोरानं फोनला विषय सांगितला, फोननं लिहून दिलं आणि यानं ते वहीत उतरवून काढलं, एवढंच झालं होतं.

बचत गटाच्या दशसूत्रीत शिक्षण आहेच. मग आम्ही ठरवलं, की हे प्रकरण आहे तरी काय ते नीट समजून घ्यायचं. आमच्या शाळेतल्या बाईंना विचारलं, गटातल्या दोघी-तिघींच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना विचारलं, जे मिळालं ते वाचलं. त्यातलं जे कळलं, ते आज सांगतो.

शाळेतली पोरं याला नुसतं 'एआय' म्हणतात. मराठीत कृत्रिम बुद्धिमत्ता. नाव मोठं आहे, पण तिचा एक प्रकार आपल्या घरात आधीच आलेला आहे. फोनवर टाइप करताना पुढचा शब्द आपोआप वर दिसतो ना, तीच तिची धाकटी बहीण. निबंध लिहून देणारी एआय हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करते. तिला कोट्यवधी पानं वाचायला दिलेली असतात. त्यातून ती एवढंच शिकते, की एका शब्दामागून बहुतेक वेळा कुठला शब्द येतो. लग्नाच्या पंगतीत उखाणा सुरू झाला, की पहिल्या ओळीवरूनच आपल्याला पुढचं यमक कळतं, हो की नाही? शेकडो उखाणे कानावरून गेलेले असतात म्हणून कळतं. त्यासाठी नवरा-नवरीला ओळखावं लागत नाही. यंत्राचंही तसंच आहे. 'माझी आई' म्हटल्यावर त्यानं वाचलेल्या हजारो निबंधांतली आई त्यानं काढून दिली. आपल्या ताईंना ते ओळखत नाही आणि ओळखायची त्याला गरजही वाटत नाही.

हे पटावं म्हणून आम्ही एक प्रयोग केला. एकीच्या फोनवर असं एक ॲप होतं. त्याला आमच्या गावच्या देवळाचा इतिहास विचारला. त्यानं लगेच राजाचं नाव सांगितलं, साल सांगितलं, युद्धही सांगितलं. आमच्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई म्हणाल्या, "हे मी पहिल्यांदाच ऐकतेय." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर राजा दुसरा आणि सालही दुसरं! खरं म्हणजे ते देऊळ गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलं, तेव्हा आजी लहान होत्या, त्यांनी डोक्यावरून दगड वाहिलेत. यंत्राला माहिती नव्हती, पण 'मला माहीत नाही' असं ते म्हणालं नाही. माहिती नसलेला माणूस निदान अडखळतो. हे यंत्र खोटंही खऱ्याइतक्याच ठसक्यात सांगतं, आणि आठवीतल्या पोराला त्यातला फरक कळावा तरी कसा?

आता शाळेकडे वळू.

ही गोष्ट जगभर पसरली ती २०२२ च्या नोव्हेंबरअखेर, जेव्हा चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी २०२३ च्या जानेवारीत त्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती उठवलीही. बंदी टिकणार तरी कशी? शाळेत नाही तर पोरं घरी वापरणार. मग गृहपाठ पोरानं लिहिला की यंत्रानं, हे ओळखणारी साधनं निघाली. चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआय कंपनीनं स्वतःच असं एक साधन आणलं होतं. ते नीट ओळखत नाही म्हणून २०२३ च्या जुलैत त्यांनीच ते बंद केलं. चोर बनवणाऱ्यालाच चोर ओळखता येईना म्हटल्यावर आपल्या गावच्या शिक्षकांनी तरी काय करावं?

तेव्हा आता देशोदेशीच्या सरकारांनी हा विषय थेट अभ्यासक्रमातच घ्यायला सुरुवात केली आहे. चीनमध्ये बीजिंग शहरात २०२५ च्या सप्टेंबरपासून पहिलीपासूनच्या सगळ्या मुलांना वर्षाला कमीत कमी आठ तास एआय शिकवायचं ठरलं. युरोपातल्या एस्टोनिया या चिमुकल्या देशानं त्याच महिन्यात दहावी-अकरावीपासून सुरुवात केली, आणि मुलांबरोबर शिक्षकांनाही प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. आपल्याकडे सीबीएसई म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळांत २०१९ पासून नववीला एआय हा ऐच्छिक विषय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा उल्लेख आला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं, की २०२६-२७ या वर्षापासून तिसरीपासून पुढं एआय आणि 'संगणकीय विचार' शिकवायला घ्यायचा.

तिसरीपासून! बैठकीत हे वाचलं तेव्हा एक वहिनी म्हणाली, "आमच्या तिसरीतल्या बाळ्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, आणि त्याला हे?" तिचं म्हणणं काही चुकीचं नाही. पण 'संगणकीय विचार' हा शब्द दिसतो तेवढा भयंकर नाही, हेही सांगायला हवं. मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, पायऱ्यांचा क्रम लावायचा, चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधायचं, आणि एकसारखा नमुना ओळखायचा. ठिपक्यांची रांगोळी काढणारी पोर हेच करत असते. पापडाचं पीठ कुटण्यापासून पापड वाळेपर्यंत कोण काय करणार हे आपण गटात ठरवतो, तेही हेच. भावाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि बहिणीला सांगा, की हात न लावता नुसत्या बोलून त्याला चुलीपासून दारापर्यंत न्यायचं. "पुढं चल" म्हणून भागत नाही, "तीन पावलं पुढं, मग उजवीकडे वळ" असं सांगावं लागतं. यंत्राला सूचना द्यायची ती अशीच. तिसरीच्या मुलाला हे शिकवायला संगणक लागत नाही. आमचं मत विचाराल तर या वयात तो नसलेलाच बरा.

आपली पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्यांच्यापर्यंत हे कधी पोहोचेल? नवी गोष्ट आधी केंद्रीय मंडळाच्या शाळांत येते आणि आपल्याकडे मागाहून, असा अनुभव आहे. पण नेहमीच तसं होतं असंही नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडायची कल्पना त्यांनी या शाळेत राबवली, पुढं ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकावरचा काळा-पांढरा चौकोन स्कॅन केला, की 'दीक्षा' ॲपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो. म्हणजे खेड्यातली शाळा मागंच राहते असं काही लिहून ठेवलेलं नाही. आता २०२५ च्या जुलैत नागपूरजवळच्या वडधामना गावात एआय वापरणारी अंगणवाडीही सुरू झाली. (आमच्या अंगणवाडीत वजनकाट्याचा सेल संपला, की सेविकाताई स्वतःच्या पैशानं आणतात. पण ते असो.)

आमच्या शाळेतल्या बाईंना विचारलं, "तुम्हाला याचा काही उपयोग होतो का?" बाई मनमोकळ्या आहेत, म्हणाल्या, "होतो की." शाळा दोन शिक्षकांची आहे, वर्ग चार. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. एकाच वर्गात एकाला वजाबाकी येते, दुसऱ्याला हातचा कळत नाही. पूर्वी बाई रात्री बसून तीन-तीन प्रकारचे सराव-कागद हातानं काढायच्या. आता त्या एआयला सांगतात, "हातच्याची वजाबाकी, सोपी दहा, अवघड दहा," आणि कागद दहा मिनिटांत तयार. पण जसं येतं तसं त्या देत नाहीत. एकदा शाब्दिक उदाहरणात मेट्रो आणि पिझ्झा आला होता. बाईंनी मेट्रोच्या जागी एसटी घातली आणि पिझ्झ्याच्या जागी कलिंगड. आणि दर वेळी उत्तरं स्वतः सोडवून बघतात, कारण दोनदा यंत्राचं गणितच चुकलेलं त्यांना सापडलं. गूगलचं 'रीड अलाँग' म्हणून एक ॲप आहे, त्याबद्दलही त्यांनी सांगितलं. त्यात मराठी गोष्टी आहेत. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. वाचता न येणाऱ्या आईच्या घरी याचा उपयोग आहे, कारण मूल बरोबर वाचतंय की रेटून नेतंय, हे ऐकणारं कुणीतरी तिथं मिळतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट बदलली आहे, ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. घरून लिहून आणायचे निबंध त्यांनी कमी केलेत. आता मुलं वर्गात बसून लिहितात. आणि घरून आणलंच तर बाई वही मिटून ठेवतात आणि म्हणतात, "सांग बरं, काय लिहिलंस?" पाठ्यपुस्तकात एआयचा धडा यायचा तेव्हा येईल. शिकवण्यातला बदल मात्र असा गुपचूप सुरू झाला आहे.

आता थोडं निवांत ऐका. परदेशातल्या दोन शाळांची हकीगत आहे आणि आमच्या मते आजच्या बोलण्याचं सार तिच्यातच आहे.

पहिली तुर्कस्तानातली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या एका मोठ्या शाळेत नववी ते अकरावीच्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग केला. मुलांचे तीन गट पाडले. पहिल्यानं नेहमीसारखं वही-पुस्तक घेऊन सराव केला. दुसऱ्याला साधं एआय दिलं, विचारेल ते सांगणारं. तिसऱ्यालाही एआयच दिलं, पण त्याला शिक्षकांनी आधी बजावून ठेवलं होतं, की उत्तर द्यायचं नाही, नुसती खूण द्यायची, आणि मुलं या गणितात कुठं चुकतात तेही त्याला सांगून ठेवलं होतं. सराव करताना काय झालं? साधं एआय असलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के चांगली ठरली. खुणा देणारं एआय असलेली तर १२७ टक्के. पालक बघत असते तर म्हणाले असते, "बघा, पोरगं किती हुशार झालं!"

मग परीक्षा झाली, आणि तेव्हा सगळ्यांकडून एआय काढून घेतलं. साधं एआय वापरलेली मुलं, ज्यांनी ते कधी हातातही घेतलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के खाली गेली. खुणा देणारं एआय वापरलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांच्या जवळपास बरोबरीनं राहिली, खाली गेली नाहीत, पण फार वरही गेली नाहीत. आणि सगळ्यात काळजीची गोष्ट पुढं आहे. जी मुलं खाली गेली, त्यांना आपण कमी शिकलोय हे जाणवलंच नव्हतं.

आपण मुलीला भाकरी थापायला शिकवतो ते आठवा. पहिल्या चार भाकऱ्या फाटतात, नकाशे होतात. त्या वेळी तिच्या हातातून गोळा काढून घेऊन आपणच थापली, तर टोपलीत भाकऱ्या सुंदर दिसतात. पण आपण चार दिवस गावाला गेलो की घर उपाशी. फाटलेल्या भाकरीतच तिचा हात बसत असतो. गणितात अडून बसणं, कागद खोडून पुन्हा करणं हा वाया गेलेला वेळ आहे असं आपल्याला वाटतं. शिकणं होतं ते त्याच वेळात.

दुसरी हकीगत आफ्रिकेतल्या नायजेरियाची. तिथल्या एडो राज्यात, बेनिन शहरात, २०२४ च्या जून-जुलैमध्ये जागतिक बँकेनं सहा आठवडे शाळा सुटल्यावरचे वर्ग घेतले. विषय इंग्रजी. आठवड्यातून दोन वेळा दीड-दीड तास. एका संगणकावर दोन-दोन मुलं, आणि खोलीत शिक्षक हजर. काय विचारायचं, आलेलं उत्तर कसं तपासायचं, हे ते शिक्षक सांगत. शेवटी चाचणी कागद-पेनावर झाली. एवढ्या सहा आठवड्यांत मुलांची प्रगती एरवीच्या जवळजवळ दोन वर्षांच्या शिकण्याएवढी झाली, असं जागतिक बँकेचं म्हणणं आहे. आणि मैत्रिणींनो, सुरुवातीला मुलांपेक्षा मागं असलेल्या मुलींना त्याचा जास्त फायदा झाला.

एकीकडे मुलं खाली गेली, दुसरीकडे वर आली. दोन्हीकडची यंत्रं एकाच जातीची. आम्हाला दिसलेला फरक हा, की नायजेरियात शेजारी मोठं माणूस होतं, मुलं दोघं-दोघं बोलत शिकत होती, आणि यंत्राला 'उत्तर दे' एवढंच म्हणायचं नसतं हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. आपल्या ताईंचं पोर रात्री गोधडीखाली एकटं फोन घेऊन बसलं होतं.

इथं आमच्या गटात बराच वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "फोनच काढून घ्या, मिटलं." दुसरी म्हणाली, "लॉकडाऊनात शाळाच फोनवर भरत होती, तेव्हा ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांचं काय झालं ते विसरलात का?" विसरलो नाही. ज्या घरात एक फोन होता, तिथं तो आधी मुलाकडे जायचा आणि मुलगी भांडी घासायची. हे आम्ही आमच्याच घरांबद्दल सांगतोय, दुसऱ्या कुणाबद्दल नाही.

'असर' नावाचा एक पाहणी अहवाल निघतो. त्यात देशभरातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना घरी जाऊन विचारतात. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलेली मुलं ५७ टक्के आणि सोशल मीडिया बघितलेली ७६ टक्के. ज्यांना फोन वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. म्हणजे पोरांना फोनपासून वाचवायचं हा आपला एक प्रश्न, आणि पोरींपर्यंत फोन पोहोचवायचा हा दुसरा. उद्या अभ्यासक्रमात हा विषय आला, की जिच्या हातात घरी फोन येत नाही ती शाळेत मागं पडेल, आणि मग "पोरीला डोकंच नाही" म्हणून आपणच तिला घरी बसवू. आम्हाला भीती आहे ती याची.

मग आम्ही काय करतो ते सांगतो. मोठं काही नाही. शनिवारी दुपारी समाजमंदिरात पाचवीच्या पुढची पोरं बसतात. फोन दोनच असतात, आणि तेही गटातल्या बायकांचे. एका फोनला चार-पाच पोरं. आधी प्रत्येकानं वहीत स्वतः लिहायचं, चुकीचं का असेना. मग फोनला विचारायचं. विचारताना मराठीत सरळ असं सांगायचं: "मला उत्तर सांगू नकोस. मी काय लिहिलंय ते वाचते, कुठं चुकलं ते मला प्रश्न विचारून शोधायला लाव." एवढं सांगितलं तर बहुतेक वेळा ते तसं वागतं. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण मध्येच विसरून उत्तर देऊनही टाकतं. मग आलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघायचं. यंत्राची चूक जो शोधेल त्याला चिक्की. चिक्की आमच्याच गटाची, त्यामुळे खर्च परवडतो. गेल्या महिन्यात सातवीतल्या एका पोरीनं तीन चिक्क्या मिळवल्या.

दोन-तीन गोष्टी कटाक्षानं पाळतो. मुलांचं पूर्ण नाव, आधार नंबर, फोटो, शाळेचं नाव असलं काही त्या ॲपमध्ये घालायचं नाही. तिथं लिहिलेलं कुठं साठतं ते आपल्या हातात नसतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय, म्हणजे ही संमती आपली आहे, ती विचार करून द्यावी. तसंच युनेस्कोनं २०२३ साली सुचवलंय, की शाळेत असं बोलणारं एआय मुलांनी स्वतः वापरायचं ते १३ वर्षांच्या पुढंच. म्हणून आमच्याकडे पाचवी-सहावीची पोरं फोनला हात लावत नाहीत, मोठ्यांच्या शेजारी बसून बघतात.

"पण आम्हाला वाचताच येत नाही, आम्ही काय लक्ष ठेवणार?" हे आम्हाला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. मैत्रिणींनो, बाई वर्गात करतात तेच करा. पोराला म्हणा, वही मिट, फोन ठेव, आणि आज काय शिकलास ते मला समजावून सांग. तुम्हाला त्रिकोणाचं क्षेत्रफळ येत नसेल, पण पोरगं अडखळतंय का, तेच तेच शब्द घोकतंय का, की स्वतःच्या भाषेत सांगतंय, हे कुठल्याही आईला कळतं. बाजारात भाव सांगणाऱ्याचं खोटं आपल्याला कळतं ना? मध्येच विचारा, "म्हणजे काय?" ज्यानं उतरवून काढलंय, तो या एका प्रश्नाला गडबडतो. आमच्यातल्या एका मावशींचा नातू एकदा म्हणाला, "आजी, तुला काय कळतंय यातलं?" मावशी म्हणाल्या, "मला कळत नाही म्हणूनच सांग. मला कळलं, म्हणजे तुला आलं."

आणखी एक, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक चुकवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. सहीपुरतं जाऊन परत येऊ नका. एआय शाळेत येणार असेल तर शिक्षकांना प्रशिक्षण कधी, शाळेतला बंद पडलेला संगणक दुरुस्त कधी होणार, आणि मुलींना तो मुलांइतकाच वेळ मिळणार का, एवढे तीन प्रश्न विचारून इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्त कसं लिहितात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता त्या ताईंचं सांगायचं राहिलं. मुलानं निबंध काही पुन्हा लिहिलेला नाही. "मार्क मिळाले, आता कशाला?" म्हणतो. ताईंनीही फार धरलं नाही. पण परवा त्या कांदा काटून आल्या, बोटाला चिंधी बांधलेली होती, तेव्हा पोरगं आपणहून म्हणालं, "आई, विळा लागला का?" ताई म्हणाल्या, "हे लिहायचं होतंस बघ." त्यावर तो काहीच बोलला नाही, हळद आणून दिली.

ताईंना धाकटी मुलगीही आहे, सहावीत. ती शनिवारी येते, मोठ्या पोरींच्या शेजारी बसून बघते आणि वहीत उतरवते. घरचा फोन आतापर्यंत तिला भाऊ झोपल्यावरच मिळायचा, तोही पाच-सात टक्के बॅटरी उरलेली असताना. गेल्या बैठकीत ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की संध्याकाळी साडेसात ते साडेआठ फोन मुलीचा, तोही चार्ज केलेला, आणि त्या वेळात आपण चुलीपाशी तिच्याजवळच बसणार. दीक्षावरचे धडे आणि रीड अलाँग एवढंच त्यावर उघडायचं. आम्ही ते इतिवृत्तात लिहिलं. खाली ताईंनी सही केली, आणि आणखी चौघींनी आपापल्या घरची वेळ सांगून आपली नावं त्याखाली घालायला लावली.

पुढच्या पंधरवड्याला शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. कागद काय काय लागतात ते लिहून घ्यायला वही-पेन जवळ ठेवा. नमस्कार.